काचेपलीकडचा घसा

"तुमचं नाव सांगा," तंत्रज्ञ माइकमध्ये म्हणाला, आणि काचेपलीकडे यंत्राच्या बोगद्यात उताणा झोपलेल्या धाकट्या भावानं तोंड उघडायच्या आत ताईनं ते सांगूनही टाकलं!

तंत्रज्ञानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "बाई, एमआरआय त्यांचा चाललाय."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अरे देवा... पुन्हा तेच! याच खोडीपायी तर धाकट्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. छापखान्यात नोकरीसाठी ती त्याच्याबरोबर गेली. मालकानं त्याला विचारलं, उत्तर हिनं दिलं. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा हिनंच. शेवटी मालक हसून म्हणाला, "नोकरी नक्की कुणाला हवीय, याला की तुम्हाला?" तेव्हापासून एकाच टेबलावर जेवूनही भावानं तिला एकदाही हाक मारली नव्हती.

आणि तिनं काय केलं नव्हतं त्याच्यासाठी! दुभंगलेली टाळू घेऊन जन्मलेल्या त्या जिवाला दूध ओढता येत नव्हतं, आई बाळंतपणातच गेलेली. शाळकरी ताईनं चमच्यानं थेंब थेंब पाजून त्याला जगवलं. पुढे टाळू शिवली, पण शब्द नाकातून निसटतच राहिले. पोरं गेंगाणा म्हणून चिडवायची. मग शाळेत, दुकानात, फोनवर तीच त्याच्या वतीनं बोलू लागली. ठरत आलेलं लग्नही तिनं मोडलं, कारण... याच्यासाठी बोलणार कोण? आणि त्या मायेचं हे फळ! आठवलं की तिचा ऊर भरून येई.

शिवलेली टाळू बोलताना कशी हलते, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तुलनेसाठी घरातलंच, धड टाळूचं माणूस हवं होतं, म्हणून ती आली होती. तो निरोपही धाकट्यानं शेजाऱ्याकरवी दिला होता!

यंत्र धडधडू लागलं. पडद्यावर धाकट्याचं डोकं मधोमध उघडल्यासारखं दिसलं: जीभ, टाळू, घसा, सगळं जिवंत, हलतं!

"काकी, कपाट पूस," त्यानं चाचणीसाठी दिलेलं वाक्य म्हटलं.

टाळूचं मऊ टोक उचललं गेलं, मागे धावलं... आणि पोचलंच नाही. बारीकशी फट उरली. ताईच्या काळजात कळ आली. तोच घशाची मागची भिंत आपणहून पुढे सरकली, पडणाऱ्याला कुणी हात द्यावा तशी, आणि टाळूला भिडली!

"हे... हे कुणी शिकवलं त्याला?"

"कुणीच नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "टाळू तोकडी पडते, म्हणून घसा पुढे येतो. काहींच्या शरीराला ही वाट आपसूक सापडते. पण मेहनत बघा, दर शब्दाला!"

ताईनं नकळत हात जोडले. केवढं हे अद्भुत त्या इवल्याशा अंधारात चाललं होतं, इतकी वर्षं, तिच्या डोळ्यांसमोर! आणि आपण? तो आत सारी जुळवाजुळव करत असताना आपण बोलून मोकळ्या होत होतो! तिला आपलीच चीड आली.

मग तिची पाळी. वाक्य धाकट्यानं माइकवरून सांगायचं, तिनं ते गप्प ऐकायचं, आणि खूण झाल्यावरच म्हणायचं. यंत्रात कानाशी त्याचा आवाज आला. किती दिवसांनी तो आपल्याशी बोलतोय! भले काकीच्या कपाटाबद्दल का असेना... डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळलं, पण ती खुणेपर्यंत हूं की चूं करायला तयार नव्हती.

बाहेर आली तर डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी. "हा भाग बाद. ऐकताना टाळू स्थिर हवी होती."

"मी बोलले नाही हो!" ताई रडकुंडीला आली. "शप्पथ, या वेळी गप्प होते मी!"

खरंच आवाज नव्हता. पण पडद्यावर धाकट्याच्या 'क'ला तिची जीभ मागे उचलली जात होती, त्याच्या 'प'ला तिचे ओठ मिटत होते, टाळू वर चढत होती... त्याचा शब्द न् शब्द तिच्या घशातून मुक्यानं जात होता!

"पुन्हा दाखवा," धाकटा म्हणाला. पुन्हा पाहिलं. मग तो वळला. "ताई... मी बोलताना तुला नेहमी असं होतं?"

"मला काय ठाऊक रे! तू अडलास की माझा श्वास अडतो, एवढंच कळतं."

"मला वाटायचं... तुला माझी लाज वाटते."

"लाज? तुझी?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "उद्या अशा बाळांचे आईबाप जमणार आहेत. घाबरलेले असतात बिचारे. त्यांच्यापुढे कुणी दोन शब्द बोललं तर..."

सवयीनं सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं ओठ घट्ट मिटले.

धाकट्याला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"मी बोलेन," तो म्हणाला. "पण ताई समोर हवी."

"मी कशाला रे? आणि पुन्हा माझं तोंड सुटलं तर?"

"नाही सुटणार." त्यानं तिचा हात धरला. "तू नुसती बस... आणि आतून बोल."