केबिन सोडायची नाही

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात पांढऱ्या कपड्यांतली, केस मोकळे सोडलेली एखादी बाई तरी घातली असती. इथे तसं कुणी नाही. एक पिकअप आहे, दोन मेव्हणे आहेत, आणि एक...

ते येईलच पुढे.

रात्रही नव्हती. मार्चमधली दुपार होती. नॉर्थ डकोटात, मायनॉटच्या उत्तरेला, ऑरिनच्या घरामागची शेड. ऑरिन आमचा शेजारी. शेजारी म्हणजे मध्ये दोन शेतं. त्या दिवशी जो जनरेटर लागला तो माझा होता, म्हणून मला सगळं माहीत.

पिकअप ऑरिनच्या सासऱ्याची, हाल्वरची. हाल्वर वारल्याला दोन हिवाळे झाले होते.

तो कसा वारला, ते आधी सांगायला हवं.

आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवतात. हिमवादळात गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही. केबिनमध्ये बसायचं, कॉफीच्या डब्यात मेणबत्ती लावायची, कुणी येईपर्यंत थांबायचं. बाहेर पडला तो गेला. हे सगळ्यात जास्त सांगणारा माणूस म्हणजे हाल्वर. लग्नात सांगायचा, मयतीला सांगायचा, भर जुलैत घाम पुसत सांगायचा.

आणि हाल्वरच वादळात केबिन सोडून गेला.

पिकअप त्याच्या मुलाला, व्हर्नला, सापडली. दारं बर्फाने बंद झालेली. मागची सरकती काच उघडी. डब्यात अर्धी मेणबत्ती शिल्लक. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला. आणि त्या सीटसमोर हाल्वरचे बूट...

जोडीने. नीट लावून ठेवलेले.

हाल्वर कुंपणापाशी मिळाला. पायांत नुसते मोजे.

डॉक्टर म्हणाले, गारठून मरणाऱ्याला शेवटी उकडायला लागतं, तो कपडे काढत सुटतो. गाव म्हणालं, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. कुणी हळू आवाजात म्हणालं, जगायचा कंटाळा आला असेल. हाल्वरची मुलगी मार्लिस ही ऑरिनची बायको. तिने पिकअप विकू दिली नाही. आणि अधूनमधून, भांडी विसळताना, पाठमोरी विचारायची,

"बाबा का उतरला असेल रे?"

ऑरिन भांडी पुसायचा.

तर त्या पिकअपच्या इंजिनातलं पॅकिंग, हेड गॅस्केट, गेलं. या डिझेल गाड्यांचं इंजिन ज्याने बसवलं, त्याला ते परत कुणी काढावं असं वाटत नसावं. ते अर्धं केबिनखाली कोंबलेलं असतं. हात घालायचा तर केबिनच उचलावी लागते. खालचे बोल्ट काढायचे, नळ्या, वायरी, स्टिअरिंगचा दांडा सोडवायचा, आणि अख्खी केबिन चासीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, टोपीसारखी वर घ्यायची. ऑरिनच्या शेडमध्ये दोन खांबांची लिफ्ट होती, आणि मदतीला व्हर्न होता. म्हणजे मदत अशी नव्हती, पण व्हर्न होता.

"सगळं सोडवलंस ना?" व्हर्नने बटणावर बोट ठेवून विचारलं.

"सगळं."

"मागच्या वेळीही सगळंच सोडवलं होतंस. केबिनबरोबर अख्खी गाडी वर आली होती."

"दाब तू बटण."

लिफ्ट गुरगुरली. ड्रायव्हरची बाजू वर आली.

दुसरी बाजू...

जागची हलली नाही.

"अर्थिंगची पट्टी विसरलास," व्हर्न म्हणाला. "दर वेळी तीच विसरतोस. लाज वाटायला पाहिजे."

"ती बघ लोंबतेय पट्टी. सोडवलीय."

"मग बोल्ट राहिला."

"बोल्ट सगळे त्या डबड्यात आहेत."

दोघांनी खाली वाकून पाहिलं. त्या बाजूला केबिनला चासीशी जोडणारं काहीसुद्धा नव्हतं. केबिन नुसती जड झाली होती. एका बाजूने.

"आत जाऊन बघ," व्हर्न म्हणाला. "गालिच्याखालून एखादी वायर गेली असेल."

दारं लिफ्टच्या खांबांना अडत होती, जेमतेम फट पडायची. म्हणून ऑरिन मागच्या हौद्यात चढला आणि मागच्या सरकत्या काचेतून, डोकं आधी घालून, आत सरपटला.

"बाबाच्या उलट दिशेने निघालास," मागून व्हर्न म्हणाला.

मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो शिट्टी वाजवायला लागला.

ऑरिनने गालिचा उचलला. खाली पत्रा होता. वायर नाही, काही नाही. तो ड्रायव्हरच्या सीटवर टेकला आणि ओरडला, "इथे काही नाहीये रे!"

त्या क्षणी केबिन सुटली.

धाडकन. जणू कुणीतरी हात काढून घेतला.

"आली! आली!" व्हर्नने बटण सोडलंच नाही. "बस तसाच! वर गेलास की हात हलव, मार्लिसला फोटो पाठवतो. नवरा विमान चालवतोय म्हणावं!"

ऑरिन वर चालला. खाली चासी, इंजिन, हौदा सगळं लहान होत गेलं. त्याने हात हलवला. माणूस अशा वेळी हलवतोच. लिफ्टची लॉकं खटखट बसली.

आणि वीज गेली.

बाहेर वारा होता तो आता आवाज करायला लागला. शेडच्या खिडकीत नुसतं पांढरं दिसत होतं. वादळ संध्याकाळी येणार असं रेडिओवर सांगितलं होतं. ते घाईत होतं.

"खाली घे," ऑरिन म्हणाला.

"कशी घेऊ? लॉक काढायला आधी जराशी वर न्यावी लागते. वर न्यायला वीज लागते."

"मग मी उतरतो."

"हलू नकोस! चार रबरी टेकूंवर बसलीय नुसती. मागे झुकलास तर तिच्यासकट येशील खाली. मी ट्रॅक्टर काढतो, शेजारून जनरेटर आणतो. तोवर केबिन सोडायची ना..."

व्हर्न थांबला.

हाल्वरचं वाक्य होतं ते.

शेडचं दार लागलं. ट्रॅक्टरचा आवाज वाऱ्यात गेला.

आता ऑरिन एका अशा गाडीत बसला होता जिला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, आणि जी जमिनीवरही नव्हती. काचा विजेवर चालणाऱ्या, त्या उघडणार नाहीत. दारं खांबांना अडलेली. फोन खाली टेबलावर, बॅटरीशेजारी. गाडीची बॅटरी त्याने सकाळीच काढून तिथे ठेवली होती. समोरच्या काचेतून ती त्याला दिसत होती.

आणि...

टिंग.

टिंग.

टिंग.

ऑरिनने खाली पाहिलं. डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या मध्ये लाल दिवा लागला होता. पट्टा न लावलेल्या माणसाचं चित्र. ड्रायव्हरचं नाही. शेजारच्या सीटचं.

"तुला बॅटरी नाही," ऑरिन गाडीला म्हणाला. "तुला वाजायचा काही अधिकार नाही."

टिंग. टिंग. टिंग.

शेजारची सीट रिकामी होती. रेक्झिन मात्र मध्यभागी दबलेलं होतं. ऑरिनच्या डोळ्यांसमोर ते आणखी थोडं दबलं. आत स्प्रिंग करकरली.

मग शेजारचा पट्टा...

सरसर बाहेर यायला लागला. सावकाश. घाई नव्हती कुणाला.

खट.

टिंग थांबलं. लाल दिवा विझला.

शेडमध्ये अंधारून आलं होतं. ऑरिनने सीटखाली हात घातला. हाल्वरचा कॉफीचा डबा अजून तिथेच होता, अर्ध्या मेणबत्तीसकट, काड्यांसकट. तिसऱ्या काडीला ती लागली.

"हाल्वर?" त्याने विचारलं.

पट्टा हवेत ताणलेला होता. पोटावरून जावा तसा गोल. हाल्वर काठीसारखा माणूस. या पट्ट्यात दोन हाल्वर बसले असते. जे कुणी होतं, ते खाऊनपिऊन बरं होतं.

हाल्वर नव्हता तो.

मेणबत्तीची ज्योत ऑरिनकडे झुकली. मग परत गेली. मग झुकली. वारा आत येत नव्हता. ऑरिनला ती लय कळायला वेळ लागला, कारण ती त्याच्या स्वतःच्या श्वासाची नव्हती.

समोरच्या काचेवर शेजारच्या बाजूला वाफ धरली. पुसली गेली. पुन्हा धरली.

तेव्हा ऑरिनला कळलं, बाबा का उतरला.

त्याने मेणबत्ती विझवली नाही. अंधारात ते नको होतं. तो तोंड त्या सीटकडे ठेवूनच इंच इंच मागे सरकला. सरकत्या काचेतून डोकं बाहेर काढलं, मग खांदे, मग छाती. थंड हवा लागली. खाली हौदा होता. उडी मारली तर पाय मोडेल, एवढंच. पाय मोडायला तो एका पायावर तयार होता.

पोटापर्यंत बाहेर आला...

आणि केबिन मागे कलली.

टेकू कण्हले. ऑरिन जागच्या जागी गोठला. अर्धा बाहेर, अर्धा आत. पुढे जावं तर केबिन कोसळते. मागे यावं तर मागे ते आहे.

खट.

आत पट्टा सुटला.

स्प्रिंग करकरली आणि केबिन हळूहळू सरळ झाली. आतल्या कुणीतरी सरकून तोल सांभाळला. ऑरिन पडू नये याची आत कुणाला तरी काळजी होती. हे कळल्यावर त्याला जास्त भीती वाटली.

मग त्याच्या उजव्या बुटाची लेस...

ओढली गेली. हळुवार. झोपलेल्या पोराचे बूट काढावेत तशी.

एकेका भोकातून लेस निघताना त्याला जाणवत होती. लाथ मारावी तर केबिन हलेल. ओरडावं तर ऐकणारं एकच जण होतं. बूट निघाला. मोज्यावरून कुणीतरी एकदा हात फिरवला. मग डावा.

दुसरा बूट निघाला आणि ऑरिनने स्वतःला बाहेर झोकून दिलं.

हौद्याच्या पत्र्यावर तो आपटला तेव्हा वर केबिन झुलत होती. पडली नाही. मेणबत्तीच्या उजेडात मागच्या काचेत काहीच दिसत नव्हतं. मग मेणबत्ती विझली. फुंकर ऐकू आली.

व्हर्न माझा जनरेटर घेऊन आला तेव्हा ऑरिन दाराशी उभा होता, मोज्यांवर, मनगट सुजलेलं.

"बूट कुठायत तुझे?" व्हर्न हसला. "उकडायला लागलं की काय?"

ऑरिनने वर बोट दाखवलं.

केबिन खाली घेतली. व्हर्नने टॉर्च आत मारला. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता. सीटसमोर ऑरिनचे बूट, जोडीने, लेस आत दुमडून ठेवलेले.

व्हर्नने वाकून टॉर्च बुटांवर धरला.

"लेससुद्धा," तो म्हणाला. "बाबाच्या बुटांची लेसपण अशीच दुमडलेली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

त्यानंतर तो दिवसभर एकही विनोद केला नाही. व्हर्नच्या बाबतीत ही डॉक्टर बोलवायची गोष्ट.

मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. वादळामुळे ती दुसऱ्या दिवशी घरी आली. ऑरिनचं मनगट पाहून म्हणाली, "काय झालं?"

"तुझा बाबा भ्रमिष्ट नव्हता," ऑरिन म्हणाला. "आणि कंटाळलाही नव्हता. त्याला घरी यायचं होतं."

"तुला काय माहीत?"

"मी त्याच काचेतून बाहेर आलो."

मार्लिसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचं विचारलं नाही. खुर्चीवर बसून रडली, भरपूर, दोन हिवाळ्यांचं. मग उठून तिने ओव्हनमध्ये कालचा बटाट्याचा हॉटडिश गरम केला, आणि दोघं जेवली.

गाडी विकू या, असं ऑरिन पुष्कळदा म्हणाला. मार्लिस म्हणायची, "आता? आता तर मला ती जास्त हवीय." गॅस्केट बदलली, केबिन परत बसवली. रिकाम्या सीटचा तो दिवा अधूनमधून लागायचा. मार्लिस हसून म्हणायची, सेन्सर बिघडलाय. टिंगटिंग नको म्हणून ती रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकायची आणि निघायची. कधी कधी त्या बाजूला बघून दोन शब्द बोलायचीही. बाबा आहे, असं तिला वाटायचं.

पट्टा किती जाड माणसाचा होता, ते ऑरिनने तिला कधी सांगितलं नाही. तिला इतक्या दिवसांनी झोप लागत होती.

ही मागच्या गुरुवारची गोष्ट. बर्फ पडत होता. पिकअप अंगणात येऊन थांबल्याचं ऑरिनने ऐकलं. दार उघडून मार्लिस आत आली, किल्ली खुंटीला लावली, आणि गळ्यातला रुमाल सोडत म्हणाली, "काय उकडतंय नाही आज?"

ऑरिनने तिच्या पायांकडे पाहिलं.

मोजे होते. ओले.

"मार्लिस... बूट कुठे आहेत तुझे?"

तिने खाली पाहिलं. "घातले होते की," ती म्हणाली.

बाहेर अंगणात गाडी बंद होती. किल्ली खुंटीवर झुलत होती.

टिंग.

टिंग.

टिंग.

मग ते थांबलं.