रिकामीच आहे

शनिवारी दुपारी तिला तीन कामं होती. चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायची, औषधं आणायची, आणि दिराच्या घरून बंदूक उचलून बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे कापायला न्यायची. पहिली दोन तिने मुद्दाम आधी उरकली. तिसऱ्यानंतर आपल्याला दुसरं काही सुचणार नाही, हे ती ओळखून होती.

तीन वर्षांपूर्वी याच बंदुकीने तिचा नवरा गेला. भांडण नाही, तंटा नाही. दीर जेवणाच्या टेबलाशी बंदूक पुसत बसला होता आणि नवरा समोर चहा ओतत होता. "रिकामीच आहे रे दादा," म्हणत दिराने चाप ओढला.

आता दिराची मुलगी दोन वर्षांच्या लेकराला घेऊन सोमवारी त्या घरात कायमची राहायला येणार होती. त्याआधी ती बंदूक या जगात असता कामा नये, एवढं तिने ठरवलं होतं. कापण्याची लेखी परवानगी तिने चकरा मारमारून मिळवली. शिवाय दोन शनिवार मिस्त्रीच्या दुकानात बसून ती बंदूक हाताळायला शिकली. तोंड जमिनीकडे, बोट चापापासून लांब. मधून मोडून उघडायची, आत बघायचं. आणि बघून झालं तरी डोळ्यांवर विसंबायचं नाही, नळीत बोट घालून खात्री करायची.

"बायको मला म्हणते, तुम्ही रिकामा पेलासुद्धा आत बोट घालून बघता," मिस्त्री तिला म्हणाला होता. "मी तिला म्हटलं, म्हणूनच इतकी वर्षं तुझा संसार टिकलाय."

दिराच्या घरी सगळ्या खिडक्या बंद होत्या. बाहेर लख्ख ऊन, आणि आत मात्र दिवेलागण झाल्यासारखं. बंदुकीच्या तेलाचा जड वास थेट दारापर्यंत आला होता. दिराने लोखंडी कपाटाची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि स्वतः चौकटीतच उभा राहिला.

तिने बंदूक काढली. तोंड जमिनीकडे केलं. उघडली.

नळीत लाल काडतूस होतं.

"भाऊजी... ही भरलेली आहे."

"असणारच."

"असणारच म्हणजे?"

"ते काढा. आणि पुन्हा बघा."

तिने काडतूस काढलं, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि वळून पाहिलं. नळीत काडतूस होतं. कठड्यावरचं कठड्यावरच होतं. काही वाजलं नव्हतं, काही हललं नव्हतं.

तरी बंदूक तिने सोडली नाही.

दिराने पुढे होऊन टेबलाचा खण ओढला. तो काठोकाठ लाल काडतुसांनी भरला होता. खालचाही. त्याखालचाही.

"रोज काढतो, वहिनी. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरातली सगळी काडतुसं मी दादा गेला त्याच आठवड्यात पोलिसांकडे जमा केली होती. त्यानंतर या घरात एकही आणलेलं नाही. हे... हे आपोआप येतं."

"तीन वर्षांत कुणाला बोलला नाहीत?"

"कोण खरं मानणार? मग मला वाटायला लागलं, की त्या दिवशीही असंच झालं असेल. मी पाहिली होती... रिकामी होती... आणि मग..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ही गोष्ट ऐकायला फार बरी वाटत होती. तिलासुद्धा. तसं असेल तर कुणाचीच चूक नव्हती. उद्यापासून दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघता आलं असतं.

"भाऊजी, टेबलावरचा तो चहा मी पुसलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला खरं सांगा. पाहिली होती?"

"नाही," तो म्हणाला. "आमचे बाबा नेहमी रिकामी करूनच ठेवायचे. म्हणून... नाही पाहिली."

"मग भुताच्या गळ्यात घालू नका. भूत असेल तर असेल. पण बंदूक उघडून बघितली नाही, ती आपण माणसांनीच. चला, गाडी काढा."

परवाना त्याच्या नावावर होता, म्हणून तो सोबत आला. ती मागच्या सीटवर बसली, उघडी बंदूक मांडीवर आडवी धरून. वाटेत तिने तीनदा काडतूस काढलं. नजर नळीवर असली की काही होत नसे. डोळ्याची पापणी लवली, की ते परत आलेलं असे, तसंच लाल, तसंच नवं.

मिस्त्रीने आधी थट्टेवारी नेलं. मग स्वतः दोनदा काडतूस काढलं आणि तोंडातली सुपारी थुंकून आला.

"ताई, बंदूक निकामी करायची तर काडतूस बसतं तिथेच कापावी लागते. दुसरीकडे कापली तर उद्या कुणीही जोडून घेईल. पण करवत चालताना हे आत आलं, तर..." त्याने दोन्ही हात पसरले. "तुम्ही घरी जा. मी बघतो काय ते."

"तुमची पापणी लवत नाही का?"

मिस्त्रीने करवत उचलून पुन्हा खाली ठेवली.

"मी बोट आत ठेवते. जागा भरलेली असली, की ते येणार कुठून?"

"वहिनी, वेडेपणा करू नका," दीर म्हणाला. "बोट मी घालतो."

"तुम्ही नळी धरा. हात थरथरू देऊ नका, म्हणजे झालं."

"ताई, करवत तुमच्या बोटापुढे इंचभरावर चालणार."

"मग नीट चालवा."

मिस्त्रीने नळी पकडीत आवळली. तिने तर्जनी आत घातली. पोलाद गार होतं. करवत सुरू झाली आणि दातांचा कर्कश आवाज हाडातून तिच्या खांद्यापर्यंत चढला. किसाचा जळका वास सुटला. अर्धी नळी कापून झाली असेल, तेव्हा पलीकडून, आतून, काहीतरी येऊन तिच्या बोटाच्या टोकाला टेकलं.

काडतूस नव्हतं ते. मऊ होतं. त्याला नख होतं.

ते ढकलत नव्हतं, ओढत नव्हतं. नुसतं टेकून राहिलं होतं, तीही तशीच राहिली.

"ताई? थांबू का?"

"नाही," ती म्हणाली. "चालवा."

पुढची नळी खणकन फरशीवर पडली. मिस्त्रीने ती उचलून उजेडाकडे धरली, आरपार पाहिली. काही नव्हतं. तिने बोट काढलं. मागच्या तुकड्यातही काही नव्हतं. तिघांनी आळीपाळीने पापण्या मिटून पाहिल्या. काही आलं नाही.

दीर तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिने त्याला रडू दिलं. सोमवारी त्या घरात लेकरू येणार होतं आणि बंदूक नव्हती. काम झालं होतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. उंच, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ.

"काय मिस्त्री, झाली का आमची? ती काय भिंतीवर. असू द्या, घेतो मी. रिकामीच आहे."

"हात लावू नका," ती म्हणाली.

तिने स्वतः ती बंदूक खाली घेतली, तोंड जमिनीकडे केलं, उघडली. नळीत लाल काडतूस होतं.

"अहो, हे कसं..." गृहस्थांचं हसू ओठांवरच राहिलं. "माझ्या घरात तर या मापाचं..."

"मी सकाळीच बोट घालून पाहिली होती," मिस्त्री पुटपुटला. भिंतीवर आणखी तेरा बंदुका होत्या. तेराही उघडल्या. तेरांमध्येही होतं.

मग तिने बाह्या वर सारल्या, मिस्त्रीच्या गिऱ्हाइकांची वही ओढून घेतली आणि फोन जवळ केला. पहिला नंबर लागला.

"तुमच्या घरी बंदूक आहे ना? आत्ता उघडून बघा. तोंड जमिनीकडे धरून."

पलीकडचा माणूस हसला. "अहो बाई, रिकामीच आहे ती."

"असेल. तरी बघा."

कुरकुर करत तो उठला. दूर कुठेतरी कपाट उघडल्याचा आवाज आला, त्याचं ते हसू अजून ऐकू येत होतं. मग ते मध्येच थांबलं.

"काढा," ती म्हणाली. "आणि उघडीच ठेवा. मी पुन्हा फोन करते."

तिने वहीवर बोट ठेवलं आणि पुढचा नंबर फिरवला.