मॅगझिन बाहेर होतं

बसा रे सगळे. दिवे येतील तेव्हा येतील. आणि मोबाइलची बॅटरी तेवढी माझ्या तोंडावर मारू नका, मी काही पळून चाललेलो नाही.

हे माझ्या शेजारच्या दुकानातलं. माझं घड्याळ दुरुस्तीचं, त्याचं बंदुका दुरुस्तीचं. मध्ये एक पातळ भिंत. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. घडलं त्याच्या बाबतीत, आणि त्यानेच मला सांगितलं. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. अमावास्या वगैरे काही नाही, चांगलं स्वच्छ चांदणं होतं. दुकान बंद करताना मी त्याच्याकडे माझी तेलाची कुपी मागायला गेलो. घेऊन जायचा हक्काने, परत द्यायचं नाव नाही. आत त्याचे व्याही बसले होते. मोठं प्रस्थ. खडीच्या खाणी, ट्रक, दुमजली घर. मिस्त्रीची एकुलती एक पोरगी त्यांच्याकडे दिलेली. मला बघून व्याही बोलता बोलता थांबले. टेबलावर फडक्यात पिस्तूल होतं. मी कुपी उचलली आणि निघालो.

ते पिस्तूल गावाला माहीत होतं. त्यातूनच गोळी सुटून व्याह्यांची बायको गेली होती. व्याही रडून सांगायचे, "मॅगझिन बाहेर होतं हो. मी नुसतं पुसत होतो." आता मॅगझिन म्हणजे मुठीतला गोळ्यांचा कप्पा. तो काढला तरी एखादी गोळी नळीत राहू शकते, आणि माणूस फसतो. असे अपघात होतात. सगळ्यांना पटलं. कुणी पिस्तूल नीट उघडूनही पाहिलं नाही. केस बंद, पिस्तूल परत.

बाई मोठ्या गमतीच्या होत्या. मिस्त्रीकडे आल्या की माझ्याकडे डोकावायच्याच. एकदा त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला. मी पितळेचा घडवून बसवला. जरा जाड झाला, डोक्यावरची खाचही मध्यावर पडली नाही. तेव्हापासून दांडी मिटली की आवाज यायचा. किर्र… टक. "घड्याळवाल्या भाऊजींनी माझ्या चष्म्याचं घड्याळ केलं!" म्हणून हसायच्या. त्याच चष्म्यासकट त्यांना चितेवर ठेवलं. मुलाचा हट्ट.

तर मी गेल्यावर व्याही मिस्त्रीला म्हणाले, "यातला एक पुर्जा काढून टाका. मॅगझिन बाहेर असलं की चाप अडवतो ना, तो."

मिस्त्री दचकला. "यात तो पुर्जा आहे?"

"आहे म्हणून तर आलोय. हिच्या भावाने पुन्हा कोर्टात धाव घेतलीय. सोमवारी पिस्तूल तपासायला नेणार आहेत."

मिस्त्रीने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. मॅगझिन काढलं, नळी रिकामी केली, चाप ओढला. काही नाही. चाप अडलेलाच.

"व्याहीबुवा," तो हळूच म्हणाला, "मॅगझिन बाहेर असताना हे उडतच नाही. मग त्या दिवशी…"

व्याही खाली वाकले. बुटाचा बंद बांधला. उठले.

"मुलगी सुखात आहे तुमची आमच्याकडे. सुखातच राहू दे. उद्या संध्याकाळी येतो."

काय म्हणालीस? पोलिसांत जायचं? तू शिकून आलीस, तुला वाटणारच. वाटावंच. पण पोरगी त्या घरात झोपलेली होती गं.

मिस्त्रीने शटर अर्धं ओढलं आणि पिस्तूल खोललं. एवढासा पुर्जा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो नसला की चाप हलका होतो, म्हणून गिऱ्हाइकं तो काढून मागायची. मिस्त्री त्यांना हाकलून द्यायचा. म्हणायचा, "माणूस विसरतो, हा विसरत नाही." आणि आज तोच पुर्जा त्याच्या चिमट्याखाली. काढला, तर बाईंचा खून कायमचा पचला. ठेवला, तर पोरीचं काय? त्याने पोरीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

मग चिमटा खाली ठेवला. नाही काढायचा. पहाटे जाऊन पोरीला घेऊन यायचं आणि सोमवारी कोर्टात स्वतः उभं राहायचं. ठरलं.

आणि तेव्हा…

किर्र… टक.

त्याला वाटलं, मीच आलो. "काय रे, कुपी तर नेलीस ना?"

कुणी नाही.

किर्र… टक.

या वेळी जवळून. समोरच्या खुर्चीतून. खुर्ची रिकामी.

तेल, लोखंड, सगळे वास गेले. राहिला फक्त जळल्याचा.

"विहीणबाई…" त्याने हात जोडले. "मी नाही काढणार. पोरीची शपथ."

मग अगदी कानाशी…

"काढा."

"काढला तर ते सुटतील…"

"काढा, व्याहीबुवा." हसल्यासारखा आवाज. "त्यांना तसं वाटू दे."

मिस्त्री म्हणायचा, भीती आवाजाची नाही वाटली. भीती वाटली हातांची. ते कापत नव्हते. त्याने पुर्जा काढला. एका डबीत टाकला. झाकण घट्ट पिळलं.

रविवारी व्याही आले. मॅगझिन काढून, नळी रिकामी करून त्यांनी चाप ओढला. टक! मोकळा. "आता कसं!" म्हणाले. पाठीवर थाप मारून गेले.

त्या रात्री पोरीला भिंतीपलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. खोलीत एकटेच होते. आधी दरडावणं. मग विनवणी. मग फक्त…

"तो चष्मा मिटू नकोस… मिटू नकोस…"

आणि गोळी.

दार फोडलं. पिस्तूल त्यांच्याच हातात. शेजारी टेबलावर मॅगझिन. भरलेलं. बाहेर काढून, नीट ठेवलेलं.

पोरीने बापाला फोन केला. तिच्या तोंडून पहिले शब्द तेच निघाले. "बाबा… मॅगझिन बाहेर होतं."

पुढे तपासणी करणारे साहेब कोर्टात बोलले. मी मागच्या बाकावर होतो, मिस्त्री माझ्या शेजारी. साहेब म्हणाले, चाप अडवणारा पुर्जा जागच्या जागी आहे. मूळचाच. कुणी हातही लावलेला नाही. मॅगझिन बाहेर असताना या पिस्तुलातून गोळी सुटू शकत नाही. म्हणजे बाईंच्या वेळी सांगितलं ते खोटं. तो खून.

बाईंचा भाऊ ओंजळीत तोंड लपवून रडला.

"आणि नवऱ्याच्या वेळी?" वकिलाने विचारलं.

साहेब चष्मा काढून पुसत बसले.

मिस्त्रीने माझं मनगट धरलं. घट्ट. तसंच धरून दुकानात आणलं. डबी माझ्यापुढे सरकवली. "तू उघड. माझ्याने होत नाही."

मी उघडली.

पुर्जा नव्हता.

पितळेचा एक स्क्रू होता. जरा जाड. खाच मध्यावर नव्हती. माझ्याच हातची.

आणि… पितळ आगीतून निघालं की पडतं ना, तसा काळा पडलेला.