तिसरा गिअरबॉक्स

आधी काठीचा आवाज आला, मग धापा, आणि मग अहमद तुंगेकर स्वतः दारात उभे राहिले. वाशीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीबाहेर 'रंजिता मढवी, खाजगी तपास' अशी पाटी होती. आत रंजिता पेपर चाळत होती आणि तिचे मामा गोटीराम चहात खारी बुडवत बसले होते.

"बाई, कोणीतरी माझ्या गाडीचा खून करतंय," अहमदभाई खुर्चीत टेकत म्हणाले. "एकदा नाही, तीनदा केलाय."

गोटीरामांची खारी चहात बुडाली ती बुडालीच.

अहमदभाईंचं वय साठीच्या पुढचं. मस्कतमध्ये बावीस वर्षं नोकरी झाली. तिथेच एका अपघातात डावा गुडघा कायमचा आखडला. क्लच दाबायचं बंद झालं, म्हणून ऑटोमॅटिक गिअरची जपानी गाडी घेतली. पंच्याण्णवच्या सुरुवातीला कायमचे परतले, तेव्हा तीही जहाजातून सोबत आली.

"तिकडे सात वर्षं वापरली. गिअरबॉक्सला हात लावायची वेळ आली नाही. इथे चौदा महिन्यांत तीन गिअरबॉक्स जळाले! पहिला गाडीचा मूळचा. मग मानसिंगने बसवले ते दोन. मानसिंग म्हणजे तुर्भ्याचा गॅरेजवाला. जुना माल घालतो, दुसरं काय? परवा गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो मी. आज पोलिसांत जाणार होतो, पण बेगम म्हणाली, आधी कोणालातरी विचारा."

"तिन्ही वेळा गाडी कोण चालवत होतं?" रंजिताने विचारलं.

"मीच. कधी दुकानात, कधी मशिदीत जाताना, इथेच गावात. आधी गिअर घसरायला लागतो, मग इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही."

"वार आठवतात?"

अहमदभाईंनी बोटं मोजली. "पहिल्यांदा शनिवार. मग शुक्रवार. आणि हा गेला, तोही शुक्रवार. जुम्याच्या नमाजाला निघालो होतो."

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक पोपटकडे. पोपट आमचा ड्रायव्हर. तळवलीचा आहे. ड्रायव्हर कसला, भाऊच म्हणा. मी मस्कतला होतो तेव्हा घरचं सगळं त्याने बघितलं. गाडी रोज मीच चालवतो. फक्त दर गुरुवारी तो बेगमला लोणावळ्याला नेतो, आमच्या मुलीकडे, सहरकडे. तिचं बाळ लहान आहे. मला एवढा वेळ बसवत नाही, म्हणून मी जात नाही."

रंजिताने आणखी एकच विचारलं. "गाडी तुमच्याकडून कोणी विकत मागितलीय?"

अहमदभाईंचा चेहरा पडला. "माझा पुतण्या, शादाब. दोनदा मागितली. म्हणाला, चाचा, हे दुखणं मला देऊन टाका."

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," रंजिता म्हणाली. "तोवर पोलिसांत जाऊ नका."

*

तुर्भ्याला जाताना गोटीरामांनी पुलाचा चढ संपताच स्कूटर बंद केली. स्कूटर आवाज न करता उतार उतरू लागली.

"मामा!" मागून रंजिता ओरडली.

"उतारावर कशाला पेट्रोल जालायचा? तीस वर्सं मिठाचा ट्रक चालवला. बोरघाट अख्खा आसाच उतरायचो, न्यूट्रलवर. तेवराच इंजिनाला इसावा." गोटीराम खुशीत होते, आगरी बोलीत सुटले होते. त्यांनी मनातल्या मनात गुन्हेगारही पकडून ठेवला होता. "तो पुतन्याच हाय बघ. गारी सस्त्यात पदरात पारायची म्हनून करतो."

रंजिताने स्कूटरची मागची दांडी घट्ट धरली.

योगायोग असा की पुतण्या गॅरेजमध्येच भेटला. गॅरेजच्या दारात अगदी तसल्याच गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि मानसिंग जगदाळे आत वाकला होता. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला शादाब उभा होता.

रंजिताने ओळख सांगितली तसा मानसिंग ताठ उभा राहिला. मूळचा साताऱ्याकडचा गडी, आवाज मोठा. "चोर म्हटलं मला, ताई. बारा वर्षं गॅरेज चालवतोय. परवापासनं तीन गिऱ्हाइकं गाड्या घेऊन गेली."

"ही गाडी कोणाची?"

"माझी," शादाब म्हणाला. "चाचांच्यासारखीच आहे. हिचा गिअरबॉक्स मानसिंगनेच बसवला, चाचांचा दुसरा बसवला त्याच महिन्यात. एकाच दुकानातून दोन आणले होते."

"तेलबी एकाच डब्यातलं घातलंय," मानसिंग म्हणाला.

"आणि ही चालते?"

"लोण्यासारखी."

"तरी तुम्हाला चाचांची गाडी हवी आहे?"

शादाब ओशाळला. "गाडी नकोय हो. चाचा दर वेळी भर रस्त्यात अडकतात. तो पाय घेऊन उन्हात तास तास उभे राहतात. सरळ विकत घेतो म्हटलं तर ऐकत नाहीत, म्हणून मस्करीत मागितली. त्यांच्या गाडीला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही."

मानसिंगने फळीवरून एक बाटली काढली. अहमदभाईंच्या गिअरबॉक्समधलं तेल. सरबतासारखं लाल असायला हवं ते डांबरासारखं काळं झालं होतं. गोटीरामांनी बूच काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. करपल्याचा वास होता.

"पाणी शिरलेलं नाही, तेल कमी नव्हतं, कुठं गळती नाही," मानसिंग म्हणाला. "आतनं भाजलंय, कोरडं चालवल्यासारखं. पण तेल तर भरलेलं! हितंच माझं डोकं थांबतंय. आणि आणखी एक बघा. ब्रेकची पॅडं. शादाबभाईंची वर्षभर तशीच हायत. चाचांची चार महिन्यांत संपली. गावात चालणाऱ्या गाडीची अशी घासत न्हाईत. ही डोंगरातल्या डंपरची पॅडं वाटतात."

रंजिताने ते झिजलेलं पॅड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "मामा, जुईनगरला."

*

जुईनगरच्या घरी अख्तरुन्निसांनी दोघांना आधी खायला बसवलं, मगच बोलू दिलं. गोटीरामांनी तांदळाच्या तीन भाकऱ्या आणि कोलंबी संपवली. गुन्हा झालेल्या घरी असं जेवायला मिळणार असेल तर तपास महिनाभर चालायलाही त्यांची हरकत नव्हती.

"भाभी, लोणावळ्याचा प्रवास कसा होतो?" रंजिताने विचारलं.

"जाताना मेला तो एसी. मला थंडी वाजते. पण येताना फार छान." अख्तरुन्निसांचे डोळे चमकले. "घाट लागला की पोपटभाऊ एसी बंद करतो, काचा खाली करतो. काय शांत वाटतं म्हणून सांगू! रानातली पाखरं ऐकू येतात. मी तसबीहचे मणी ओढत बसते. खोपोली कधी येते कळतही नाही."

"आणि पोपटकाका?"

"तो बिचारा दमतो. शुक्रवारी खांदे धरून बसतो. मीच बाम देते. उद्या सहर बाळाला घेऊन राहायला येतेय, तिला आणायलाही तोच जाणार."

पोपट खाली गाडीच्या रिकाम्या जागेवर झाडू मारत होता. गाडी गॅरेजमध्ये होती, तरी जागा रोज झाडायची त्याने सोडली नव्हती. वाळकी अंगकाठी, पांढऱ्या मिशा. गोटीरामांचं आणि त्याचं पाच मिनिटांत जमलं. दोघांच्या गावची जमीन सिडकोत गेलेली, दोघांनी जन्मभर स्टेअरिंग धरलेलं.

"दगराची खान बंद परली तवा डंपर सुटला," पोपट सांगू लागला. "शेटनी चावी दिली. म्हनाले, पोपट, ही आपली गारी. गारी लय गुनाची. लोनावल्याला जाऊन येतो तरी पेट्रोलचा काटा जास्त हलत नाय. फकत घाटात उतरताना स्टेरिंग जर होतो. ब्रेकबी जोरानं दाबाया लागतो. त्या मानसिंगला दाखवा एकदा."

"घाट चढताना जड होतं का?"

"नाय. चरताना बोटानं फिरतो."

"काका, उद्या सहरला आणायला जायचंय ना?"

"हां! शादाबशेट गारी देनार हाय. सहर येनार, बाल येनार." पोपटचा चेहरा उजळला.

रंजिता मात्र एकदम गंभीर झाली. "मामा, सगळ्यांना संध्याकाळी इथे बोलवा. उद्याची वाट बघून चालणार नाही."

*

सहा वाजता तुंगेकरांच्या बैठकीत सगळे जमले. अहमदभाई आणि मानसिंग एकमेकांकडे पाठ करून बसले होते. शादाब दोघांच्या मध्ये होता. पोपट नेहमीप्रमाणे दाराशी उभा होता. अख्तरुन्निसांनी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"मानसिंगने वाईट माल घातला, असं अहमदभाईंना वाटतं," रंजिताने सुरुवात केली. "पण त्याच दुकानातला गिअरबॉक्स आणि त्याच डब्यातलं तेल शादाबच्या गाडीत घातलंय. ती उत्तम चालते. शिवाय पहिला गिअरबॉक्स जळाला तो मस्कतहून आलेला. मानसिंगने त्याला हातही लावला नव्हता. म्हणजे दोष वस्तूचा नाही आणि ती बसवणाऱ्याचाही नाही."

मानसिंगने नाकातून एक मोठा श्वास सोडला.

"शादाबकडे चावी नाही. तो गाडीजवळही गेला नाही. मग उरतो गाडीचा वापर. बंद पडली ती गावात, अहमदभाईंच्या हातात. पण वार बघा. शुक्रवार, शुक्रवार, शनिवार. तिन्ही वेळा आदल्या किंवा त्याच्या आदल्या दिवशी काय होतं?"

"गुरुवार," अहमदभाई हळूच म्हणाले. "लोणावळा."

"ब्रेकची पॅडं डंपरसारखी झिजली, म्हणजे कोणीतरी अख्खा घाट फक्त ब्रेकवर उतरतंय. घाटात पाखरं ऐकू येतात. भाभी, एसीचा आवाज बंद झाला तरी इंजिनचा असतोच की! मग पाखरं कशी ऐकू येतील? स्टेअरिंग उतरतानाच जड होतं. त्याला हलकं ठेवतं ते इंजिन. ब्रेकचंही तसंच. पेट्रोल पुरून उरतं. आणि मामा, तुम्ही आज सकाळी पुलावर काय केलंत?"

"उतारावर इंजिन बंद केला," गोटीराम म्हणाले. बोलताबोलताच त्यांची नजर पोपटकडे गेली. मग बघवेना.

"पोपटकाका," रंजिताचा आवाज मऊ झाला, "घाटाच्या तोंडाशी तुम्ही लिव्हर न्यूट्रलला टाकता आणि चावी एक टप्पा मागे फिरवता. खरं ना?"

"हां," पोपट म्हणाला. त्याला अजून काही उमगलं नव्हतं. "डंपरबी तसाच उतरायचो. शेटचा पेट्रोल कशाला जालायचा?"

"डंपरच्या गिअरबॉक्समध्ये दातेच तेलात बुडालेले असतात. फिरले की आपलं तेल आपणच उडवून घेतात. हिचं तसं नाही. हिच्यात एक पंप तेल फिरवतो आणि तो पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, की पंप बंद. चाकं मात्र आतले भाग फिरवतच राहतात. अख्खा घाट, तेलाशिवाय. दर गुरुवारी थोडं थोडं जळत गेलं. तुम्ही गाडी घरी आणून लावलीत आणि पुढे अहमदभाईंच्या हातात ती मेली."

मानसिंगने कपाळावर हात मारला. "कोरडं चालवलंय म्हणत होतो न्हवं मी!"

"गिअरबॉक्सचं सोडा," रंजिता म्हणाली. "तसल्या उतारावर एखाद्या वळणाला तो जड झालेला ब्रेक पुरला नसता तर? उद्या गाडीत बाळ असणार होतं."

पोपट उभा राहिला. त्याने खिशातून चावी काढली, टीपॉयवर ठेवली आणि दाराकडे वळला.

"कुठे निघालास?" अहमदभाईंनी विचारलं.

"शेट, मी तुमची गारी मारली. तीनदा. भाभीचा जीव घालवला असता."

"बस खाली!" अहमदभाई काठीवर जोर देऊन उठले. "डंपर चालवणाऱ्या माणसाच्या हातात मी ही गाडी दिली. गिअर बदलायला लागत नाही, एवढंच सांगितलं. आत काय आहे हे मला तरी कुठे माहीत होतं? मस्कतमध्ये घाट नव्हता माझ्या वाटेवर, म्हणून सात वर्षं वाचलो."

"आणि मला काहीच विचारलं नाहीत," अख्तरुन्निसा म्हणाल्या. "इंजिन बंद असतं हे मला माहीत होतं. मला वाटलं, या गाडीत तशी सोयच असेल."

शादाब आधी हसला. मग गोटीराम हसले. मानसिंग हसला नाही. अहमदभाई त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मानसिंग, मी तुला चार लोकांत चोर म्हणालो. माफी इथे मागून भागणार नाही. उद्या सकाळी गॅरेजमध्ये येतो. गिऱ्हाइकं असताना."

*

दुसऱ्या दिवशी सहरला आणायला शादाब स्वतः गेला. अहमदभाई रिक्षाने तुर्भ्याला गेले. गोटीरामही स्कूटर घेऊन पोचले. रंजिताने पाठवलं नव्हतं, पण त्यांना घरी राहवलं नाही.

गॅरेजमध्ये पाचसहा जण होते. अहमदभाईंनी सगळ्यांसमोर, न अडखळता, माफी मागितली. मानसिंगने मान खाली घालून ऐकली. "बरं, झालं ते झालं," म्हणत त्याने जवळची खुर्ची पुसली आणि त्यांना बसवलं.

पोपट मात्र रस्त्यापलीकडे, वडाच्या सावलीत उभा होता. आत यायला धजत नव्हता.

मानसिंगने त्याला हाक मारली. "ओ काका! तिकडं काय उभं राहिलाय? हिकडं या. जळलेला खोललाय मी."

बाकावर तो गिअरबॉक्स उघडा पडला होता. काळवंडलेल्या चकत्या एकीकडे रचल्या होत्या. तिघे म्हातारे बाकाभोवती जमले. मानसिंग एकेक भाग उचलून दाखवू लागला आणि शेवटी त्याने एक वाटोळा लोखंडी तुकडा पोपटच्या हातात दिला.

"हा पंप."

तो तळहातावर मावत होता. पोपटने तो फिरवून बघितला, अंगठ्याने आतले दाते चाचपले.

"इंजिन बंद केला का ह्यो बंद?"

"बंद."

"मंग बाकीचं सगलं उपाशी?"

"उपाशी."

पोपटने शर्टाच्या टोकाने तो पंप पुसला आणि जपून बाकावर ठेवला.

"आनि मना वाटायचा," तो अहमदभाईंना म्हणाला, "मी तिला इसावा देतो."

अहमदभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मानसिंगने चार चहा सांगितले.