आधी गळा सोड

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर उघडलं, पण ती काही उतरली नाही. दार बंद झालं, लिफ्ट खाली आली. तिने पुन्हा तीनचं बटण दाबलं. दार उघडलं... आणि पुन्हा पाय जागचे हलेनात.

पुढच्या खेपेला तळमजल्यावर एक शिडशिडीत तरुण लगबगीने आत शिरला. नाकावरचा चष्मा सारखा करत त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुम्ही लिफ्ट दुरुस्तीच्या का?"

"नाही... का?"

"मघापासून बघतोय. लिफ्ट येते, आत तुम्ही दिसता, आणि मी पाय टाकायच्या आत लिफ्ट गायब!"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मला... दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय. भीती वाटते."

"कुठला दात?"

तिने घाईघाईने उजवा गाल धरला. तिसरा मजला आला, आणि आता उतरण्यावाचून इलाज नव्हता. उजवीकडे दातांचा दवाखाना, डावीकडे समुपदेशक बाईंचं ऑफिस. ती उजवीकडे गेली, पाटी वाचल्यासारखं केलं, आणि तो दिसेनासा झाल्यावर दबक्या पावलांनी डावीकडचं दार ढकललं. तर हा समोरच्याच खुर्चीत!

"दात इकडे सरकला वाटतं," तो म्हणाला.

आता हसावं की पळावं? तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून तिलाच चुकल्यासारखं झालं.

तिला घरी सगळे मासोळी म्हणायचे. नीट चालायला येण्याआधी ती पाण्यात उतरली होती, आणि मोठी झाल्यावर तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायला लागली. सुट्टीतल्या वर्गात तिची पाठ वळली तेवढ्यात एक चिमुरडी खोल बाजूला गेली. मासोळीनेच तिला बाहेर काढलं. पोरगी खोकली, रडली, आणि दुसऱ्याच दिवशी टोपी घालून पुन्हा हजर! सगळे विसरले. मासोळी मात्र विसरली नाही. पाण्याचा वास आला तरी तिची छाती आवळायची. काठावर उभं राहून नुसती शिटी फुंकायची, पाण्यात पाय घालायची नाही. शेवटी तलावाच्या व्यवस्थापकांनी गोडीत सांगितलं, "नवे वर्ग सुरू होतील तोवर बघू. नाहीतर मला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल गं." तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं. मग वहिनीनेच बाईंची वेळ ठरवली आणि हिला अक्षरशः ढकलून पाठवलं. धास्तीपायी ही तासभर आधीच येऊन ठेपली होती.

"पहिलीच वेळ?" त्याने विचारलं. आधीचा तास त्याचा होता.

"हो. आत काय बोलायचं असतं?"

"काहीही. मी पहिल्या दिवशी पंख्याबद्दल बोललो. आवाज करत होता."

"आणि बाई?"

"त्या म्हणाल्या, आवाजाचा त्रास होतो का? आणि मी रडायलाच लागलो. पंख्यावरून! आता बोला."

तिची वेळ आली, ती आत गेली. बाई पिकल्या केसांच्या, शांत. मासोळीला वाटलं होतं, त्या काहीतरी तपासतील, गोळ्या लिहून देतील, निदान ओरडतील तरी. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कुठूनही सुरुवात करा." ही म्हणाली, "तुमचा पंखा छान चालतो."

खाली आली तर तळमजल्यावरच्या चष्म्यांच्या दुकानात तोच काच पुसत उभा. दुकान त्याचंच होतं.

"काय झालं?"

"काहीच नाही! त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. मी विचारलं, माझं काय चुकलं? तर मलाच विचारतात, तुम्हाला काय वाटतं? अहो, मला कळत असतं तर मी आले असते का?"

तो खदखदून हसला. "रागावल्यावर तुमचे डोळे मोठे होतात. नंबर तपासायला सोपे."

"माझी नजर चांगली आहे."

"मग इकडे बघा की..."

तिने बघितलं. आणि पटकन एका फ्रेमची किंमत विचारली.

अशा त्यांच्या गप्पा वाढत गेल्या. तो वर जायचा, मग ती, आणि खाली आल्यावर दुकानातल्या दोन स्टुलांवर कॉफी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. गंमत म्हणजे, बाईंसमोर जे ओठांवर येत नसे ते त्याच्यासमोर भडाभडा बाहेर पडे. ती टोपी, तलावाचा तो निळा तळ, तो क्षण... तो ऐकायचा, मध्येच तिचा कप तिच्याकडे सरकवायचा. घरी जाताना ती अगदी हलकी झालेली असायची. मग कशाला हव्यात बाई? इथे तर कोणी उलटा प्रश्नही विचारत नाही!

एक आठवडा ती वर गेलीच नाही. "बाईंनी वेळ बदलली," अशी थाप मारली आणि स्टुलावर बसली. पुढच्या आठवड्यातही तेच. तोवर नवे वर्ग तोंडावर आले होते आणि तिने अजून पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. तरी मन म्हणायचं, हे प्रेम आहे, याने सगळं ठीक होईल. दुसरं मन म्हणायचं, कशावरून? डोक्याचा नुसता भुगा.

त्या दिवशी तिने पुन्हा निळ्या तळापासून सुरुवात केली, आणि त्याने हातातली काच खाली ठेवली.

"थांब ना जरा," तो म्हणाला. "वेळ बदललेली नाहीये. तुझ्या तासाला बाईंचं दार उघडंच असतं, मी निघताना बघतो. मी बोललो नाही, कारण... तू इथे बसतेस ते मला आवडतं. फार आवडतं."

"मग?"

"मग असं, की मला आता तळ दिसतो. मी पाण्यात कधी उतरलेलो नाही, पण डोळे मिटले की मला तो तळ दिसतो. घरी वडिलांचं आजारपण मी एकट्याने अंगावर घेतलं आणि पुरता खचलो, म्हणून तर मी वर जातो. मला तुझं ऐकायचंय गं. पण सगळं मीच धरलं, तर आपण दोघंही..."

तिला आधी रडू आलं, मग राग. म्हणजे मी ओझं झाले! ती तिरीमिरीत उठली, दाराशी गेली, आणि तिथेच थबकली.

नवशिकं पोर काय करतं? घाबरतं आणि शिकवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतं. घट्ट. मग त्यालाही तरंगता येत नाही आणि शिकवणाऱ्यालाही. आणि मासोळी प्रत्येकाला, प्रत्येक वर्षी, पहिल्या दिवशी काय सांगायची? आधी गळा सोड.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. इतकी साधी गोष्ट, आणि तीही आपल्याच धंद्यातली!

लिफ्टमध्ये शिरून तिने तीन दाबलं, आणि या खेपेला उतरली. बाईंसमोर बसून टोपीपासून सुरुवात केली. रडली, अडखळली, पुन्हा बोलली. शेवटी विचारलं, "खाली एकजण आहे. ते प्रेम आहे की नुसता आधार, मला कळत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?" बाई म्हणाल्या.

मासोळी रडता रडता हसली.

पुढचे काही आठवडे ती चुकली नाही. खाली कॉफीही सुरू होती, पण आता ती त्याच्या वडिलांबद्दल विचारायची, आणि तो तिला वेड्यावाकड्या फ्रेमा घालून बघायचा. आधी तिने तलावात पावलं बुडवली. मग गुडघे. छाती आवळायची, ती बाहेर यायची, बाईंना सांगायची, पुन्हा जायची.

नवे वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, गळ्यात शिटी. छातीत धडधडत होतं, पण उभी होती. यंदा मोठ्यांचाही वर्ग तिच्याकडे होता, आणि त्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक शिडशिडीत माणूस पायऱ्या उतरत होता. पोहण्याचा चष्मा त्याने स्वतःच नंबरचा बनवून आणला होता, आणि त्यातून त्याचे डोळे बशीएवढे दिसत होते.

"तू?"

"तो तळ एकदा खरा बघावा म्हटलं." पाय घसरला आणि त्याने तिच्या गळ्याला मिठी मारली. सगळा वर्ग हसला.

"आधी गळा सोड," ती म्हणाली.

"बुडेन."

"नाही बुडणार. मी इथेच आहे."

त्याने एकेक बोट सोडवलं. ती त्याच्या पाठीखाली तळहात ठेवून उभी राहिली, आणि तो पाण्यावर आडवा झाला, छताकडे बघत.

"मला अजून नीट कळलेलं नाही हं," ती हळूच म्हणाली. "पण तू मला खूप आवडतोस. एवढं कळलंय."

"आत्ता सांगतेस?" तो म्हणाला. "कानात पाणी गेलंय. पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. सांगता सांगता हात अलगद काढून घेतला, आणि तो तसाच तरंगत राहिला.