नारळ फुटला भलत्या शेतात

तृप्तीने नारळ फोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागून एका तरुणाचा आवाज आला, "झकास! पण मॅडम... हे शेत माझं हाय."

देवळाली कॅम्पातली शाळेची नोकरी सोडून तृप्ती नुकतीच या धंद्यात उतरली होती. सात-आठ कुटुंबं गोळा करायची, सगळ्यांनी मिळून मोठी जमीन घ्यायची आणि प्लॉट पाडून वाटून घ्यायचे. घोटीजवळची ही एनए, म्हणजे बिगरशेती जमीन म्हणजे तिचा पहिलाच व्यवहार. तो फिसकटला, तर घरचे तिला पुन्हा फळ्यासमोर उभं करणार होते. जमीन तिने एकदाच पाहिलेली, तीही श्रावणातल्या धुक्यात. खूण काय, तर आंब्याचं झाड! आंबे बांधाच्या दोन्ही बाजूंना होते, त्याला ती तरी काय करणार?

"तुमची जमीन पलीकडं," तो तरुण जवळ येत हळूच म्हणाला. धनराज त्याचं नाव. "कोपऱ्यात अजून पाणी साचलंय. या लोकांना नका सांगू. मी काय बोलत नाय."

त्याचे डोळे मिश्कील हसत होते. तृप्तीला मोह झालाच. पण गटातल्या निवृत्त नर्स वत्सलाबाई तिच्याकडे विश्वासाने बघत होत्या...

"खोटं नाही जमत मला."

"मग या धंद्यात कशाला आलात?"

"खऱ्यावर चालतो का, ते बघायला."

तिने सगळ्यांना खरं ते सांगून टाकलं. मग वत्सलाबाईंनी साडी खोचली, बांध ओलांडला आणि त्या चिखलात उभं राहून म्हणाल्या, "आत्ताच कळलं ते बरं झालं. मी आहे गं!" हळूहळू बाकीचेही त्यांच्यामागे गेले.

पाणी काढायला चर हवा होता. तो धनराजने स्वतःच्या शेतातून काढू दिला. मग चर बघायला तृप्ती दर रविवारी येऊ लागली. चर काही पळून जात नव्हता... पण धनराजशी बोलताना तिला घड्याळ दिसेनासं व्हायचं.

खरेदीखत झालं, त्या संध्याकाळी दोघं बांधावर बसले होते.

"आता काय, येणं बंद?" त्याने खाली बघत विचारलं.

"एक प्लॉट मी घेतलाय. तुमच्या बांधाला लागून."

"तिथं तर पाणी साचतं!"

"ठाऊक आहे. सगळ्यांनी नको म्हटलेला." तिचा चेहरा लाल झाला. "मला तोच हवा होता."

एरवी तोंडाची टकळी चालवणारा धनराज नुसता बांधावरचं गवत उपटत राहिला.

"घर बांधू नका तिथं," तो शेवटी म्हणाला. "अलीकडं हाय की आपलं..."