रुईचा नवरा

"रुई आहे का?"

"पानं, मुळी की समिधा?" मी वरही पाहिलं नाही. आघाड्याच्या काड्यांची जुडी बांधत होते, दोरा दातात होता.

"झाड पाहिजे. अख्खं... जिवंत."

आता मात्र मान वर केली. खाकी शर्ट, बाहीवर ग्रीसचा डाग, आणि त्या डागाशी अजिबात न जुळणारे लाजरे डोळे.

"कशाला?"

"लग्नाला."

"लग्नाला रुई लागत नाही हो. मांडवाला आंब्याचे डहाळे नेतात, उंबर नेतात..."

"आमच्याकडे लागते. नवरीच रुई आहे."

मला हसू आलं. "आणि नवरा कोण? वड?"

तो अगदी हळू म्हणाला, "नवरा... मी."

दातातला दोरा सुटला आणि आघाड्याच्या काड्या सगळ्या दुकानभर झाल्या.

अठ्ठ्याऐंशी सालचा माघ महिना होता. नौपाड्यात गल्लीच्या तोंडाशी आमचं काष्ठौषधीचं दुकान. हिरडा, बेहडा, रिठे, दृष्टीसाठी दारावर टांगायचे बिब्बे, आणि नवग्रहांच्या समिधा. शनीला शमी, मंगळाला खैर, शुक्राला उंबर, सूर्याला रुई... हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे दुखायला लागले आणि बी.कॉम. झाल्या झाल्या गल्ल्यावर मी बसले. बेहड्याचं लाकूड घरात आलं आणि भावाभावांत भांडणं लागली, म्हणून रडणारी माणसं मी पाहिली होती. शेजाऱ्याच्या नावाने बिब्बे नेणारीही पाहिली होती. पण स्वतःच्या लग्नाला झाड शोधणारा नवरा पहिल्यांदाच बघत होते.

"बसा," मी म्हटलं. "पाणी प्या." खरं म्हणजे पाणी मलाच हवं होतं.

त्याचं नाव परशुराम नाखवा. कोपरीचा कोळी, खोपटच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. गुडघ्यांवर कोपरं टेकून, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं त्याने सांगितलं.

"दोनदा जमलं माझं. पहिली साखरपुडा झाल्यावर पळून गेली. तिचं ज्याच्यावर होतं त्याच्याबरोबर. बरं केलं तिने." तो हसला. मग हसू गेलं. "दुसरी... रतन. तिला कावीळ झाली, त्यातच गेली. घरात पत्रिका छापून आल्या होत्या."

मी तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"आईने धसका घेतलाय. म्हणते, तिसरीसुद्धा जाणार. मग भटजींनी तोड काढली. तिसरी म्हणून रुईशी लग्न लावायचं. जे काय व्हायचं ते त्या झाडाला होईल. मग माणसातली येईल ती चौथी. तिला भीती नाही."

"आणि तुमचा विश्वास आहे यावर?"

"छे! आईसाठी आपलं." जरा जास्तच पटकन म्हणाला.

"मग ऐका. रुई अशी उपटून न्यायची नसते. ती जिथे उभी असेल तिथे नवऱ्याने जायचं."

"म्हणजे घरजावई?"

"घर कुठलं? रस्त्यावरचा जावई!"

असा मोठ्याने हसला तो, की आतून आबांनी विचारलं, "गोदा, कोण आहे गं?"

"गिऱ्हाईक!" मी ओरडले.

"गोदा," तो उठता उठता पुटपुटला. चव बघितल्यासारखं.

त्या दिवसापासून तो येतच राहिला. होमाला समिधा लागणार होत्या, पण एका दिवशी फक्त पळस नेला. दुसऱ्या दिवशी खैर. मग शमी.

"सगळं एकदम न्या ना," मी वैतागून म्हटलं. खोटं खोटं वैतागून.

"एकदम नेलं तर उद्या काय नेऊ?"

मी शमीची जुडी बांधत बसले. गाठ काही नीट बसेना.

एका रविवारी झाड शोधायला आम्ही दोघं कोपरीच्या खाडीकडे गेलो. उन्हाला चिखलाचा, सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास होता. एक होडी उलटी घालून ठेवली होती. तो तिच्या तळावरून हात फिरवत म्हणाला, "माझा आजा होड्या बांधायचा. वीज पडलेल्या झाडाची फळी कधी लावायचा नाही. म्हणायचा, वीज आपलं झाड विसरत नाही. शोधत शोधत दर्यात येते."

"आणि तुला पटायचं?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलंही नाही. त्याला मात्र कळलं. त्याचे कान लाल झाले.

"लहान होतो गं. वीज चमकली की होडीला हात लावून बघायचो... तापलीय का."

बांधाच्या कडेला ती सापडली. कमरेएवढी, जाड पांढरट पानांची, जांभळ्या फुलांनी भरलेली. त्याने उगाच एक पान तोडलं. देठातून दूध ठिबकलं आणि त्याने तोच हात कपाळाकडे नेला...

"अरे! डोळ्यात जाईल!" मी त्याचं मनगट धरलं.

धरलं ते धरलं. सोडायचं राहूनच गेलं. खाडीवरून वारा आला, माझी ओढणी त्याच्या खांद्यावर जाऊन बसली. आम्ही दोघंही त्या बिचाऱ्या झुडपाकडे बघत राहिलो.

"नवरी छान आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"हं," तो म्हणाला. तो झाडाकडे बघतच नव्हता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रुईला आमंत्रण द्यायचं असतं. समिधा पोचवायच्या म्हणून मीही गेले. त्याची आई, मनुबाई, बांधावर बसली होती. तिने रुईला हळदकुंकू लावलं, एका फांदीत हिरवी बांगडी अडकवली, आणि पानांवरून असा हात फिरवला, जसा लेकीच्या केसांवरून फिरवावा.

"उद्या येताव गो बाय. तयार रव."

मला त्या झाडाचा हेवा वाटत होता. झाडाचा! मी, शनीच्या भीतीने लोक चार पैसे जास्त देतात म्हणून शमीच्या काड्या मोठ्या जुडीत बांधणारी, शिकलेली मुलगी, एका रुईवर जळत होते. रात्रभर कूस बदलत पडले.

सकाळी होमाचं सामान घेऊन बांधावर पोचले, तर सगळी पुतळ्यासारखी उभी. भटजी, मनुबाई, कोळीवाड्यातली दहापंधरा माणसं. मुंडावळ्या बांधलेला परशुराम.

बांधावर मातीचा डोंगर होता. पहाटे भरावाचा ट्रक येऊन तिथेच रिकामा झाला होता. ढिगाच्या कडेने रुईची एकच फांदी बाहेर आली होती, चिरडलेली. हिरवी बांगडी फुटून मातीत पडली होती.

मनुबाई मटकन खाली बसली. "तिसरी पन गेली! माजे पोराची तिसरी पन गेली!"

भटजी दुसरं झाड, दुसरा मुहूर्त असं काही पुटपुटत होते, पण ते तिच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. मी सामान खाली ठेवलं, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं,

"मनुबाई, अहो, तिसरी गेली ना? म्हणजे झालं की. जे व्हायचं ते त्या झाडाला होणार होतं... झालं. आता उरली ती चौथी. तिला कसली भीती?"

मनुबाईचं रडणं थांबलं. तिने भटजींकडे पाहिलं. भटजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान डोलावली.

"पन चौथी कोन देल गो आपली पोर? ह्या आयकल्यावर?"

"कुणी कशाला द्यायला पाहिजे?" मी म्हटलं. "मी आहे की."

शब्द बाहेर पडले आणि मीच दचकले. हे ठरवून आले नव्हते मी. देवाशपथ नव्हते! मागे कुणाच्या तरी हातातलं ताट खणकन पडलं. मनुबाईने माझं मनगट घट्ट पकडलं. "आगो पोरी, काय बोलतंस ती कलतंय का तुला?"

कळत होतं. मी परशुरामकडे पाहिलं. आता तो हसेल, असं वाटलं होतं...

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने मुंडावळ्या ओढून काढल्या.

"नाही," तो म्हणाला. "हिच्याशी नाही."

आणि वळून निघून गेला.

घरी कशी आले, आठवत नाही. पायात चपला होत्या की बांधावरच राहिल्या, तेही नाही. चारचौघांत स्वतःला देऊ केलं आणि त्याने नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. कुणाला पळसाऐवजी पिंपळ दिला. दुपारी आबांना म्हटलं, "जरा जाऊन येते," आणि सरळ खोपटचा डेपो गाठला.

तो एका बसखाली होता. मी बसच्या पत्र्यावर थाप मारली. "बाहेर ये."

तो सरपटत बाहेर आला. डोळे सुजलेले.

"तोंडावर तरी सांगायचं होतंस, की मी आवडत नाही."

"आवडत नाही?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "गोदा... आईसाठी करतोय असं म्हणालो ना मी? खोटं होतं ते. मलाच भीती वाटते. मीच आईला म्हटलं होतं, भटजींना विचार. रतनला बघायला गेलो होतो दवाखान्यात. डोळे पिवळेधमक. तरी मलाच म्हणाली, बारीक झालास... त्यानंतर ठरवलं होतं, कुणाकडे बघायचंच नाही. आणि मग तुझ्या दुकानात आलो. रुईशी लग्न लागलं असतं, तर धीर करून तुला विचारणार होतो. ते झाडच गेलं. आणि तू सगळ्यांसमोर... तुला काय झालं तर?"

मी बसच्या पायरीवर बसले. हसतहसत शमी नेणारा हा माणूस रोज एवढं भय उरात घेऊन येत होता, आणि मला पत्ता नव्हता.

"माझ्याकडे सगळी लाकडं आहेत," मी म्हटलं. "कुठलं कुणाला वाचवतं, मला नाही माहीत. आबांनाही नसेल. काल चौथीला भीती नाही म्हणाले, ते तुझ्या आईला उठवायला. तुझी भीती घालवायला माझ्याकडे काहीच नाही रे. मी आजारी पडेन कधीतरी. माणसं पडतात. तेव्हा जवळ बसशील?"

पलीकडे एक बस सुरू झाली, धुराने दोघांना झाकून निघून गेली. धूर विरला तरी तो हातांवरच्या ग्रीसकडेच बघत होता. मी उठले.

"थांब." त्याने माझं मनगट धरलं. "बसेन. आजारी नसलीस तरी बसेन."

मी दुकानात परतले तेव्हा आबा गल्ल्यावर होते. त्यांची नजर थेट माझ्या मनगटावर गेली. पाच बोटांचे काळेकुट्ट ठसे.

"हे काय गं?"

"ग्रीस."

"कुणाचं?"

मग सांगितलं. एका दमात, बिब्ब्यांच्या माळेकडे बघत. आबांचा चष्मा नाकावरून घसरला, तो त्यांनी सावरलासुद्धा नाही.

"एस.टी.तला? कोपरीचा?"

"हो."

"झाडाशी लग्न लावायला निघाला होता... तो?"

"तोच. पण लागलं नाही, आबा."

रस्त्यावरून रिक्षा जात राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना एक गचका बसला, दुसरा बसला, आणि मला कळलं की आबा हसताहेत. दोन्ही गुडघे हातांनी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"उद्या घेऊन ये त्याला," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि सांग, येताना फुलं आण, पेढे आण... झाड मात्र आणू नकोस."